पाण्यावरचे बिऱ्हाड

मैत्रिणींनो, या सदराला येणाऱ्या पत्रांचे वळण ठरलेले असते. ज्वारीला सोंडे लागू नयेत म्हणून काय घालावे, दहावीच्या मुलाला पहाटे उठवावे की रात्री जागू द्यावे, भावजयीने उसने नेलेले डाग परत कसे मागावेत. गेल्या महिन्यात उमरगा तालुक्यातल्या एका काकूंचे पत्र आले ते मात्र अगदी निराळे. त्यांचा मुलगा आणि सून पुण्याला नोकरीत आहेत. दोघांनी मिळून एक नाव बांधायचे ठरवले आहे. ती विजेवर चालणार आणि वर्षातले पाच-सहा महिने ती दोघे तीतच राहणार. स्वयंपाक, झोपणे, कचेरीचे काम, सगळे पाण्यावर. नकाशाही काढून झाला आहे. काकूंच्या नावावर पोस्टात ठेव आहे, ती या कामी द्यावी असे मुलाचे म्हणणे. यजमान हयात नाहीत. गावात कोणाला विचारावे तर लोक हसतील. पोराचे डोके ठिकाणावर आहे की नाही तेवढे सांगा, असे काकूंनी लिहिले आहे. सोबत नकाशाची प्रतही पाठवली आहे.

काकू, डोके ठिकाणावर आहे. ठेवीचे मात्र शेवटी बोलू.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात नावेचे नाव काढले की हसू येणार, यात नवल नाही. आपण बालाघाटावरची पर्जन्यछायेतली माणसे. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या भूगोलाच्या पुस्तकात निळ्या असतात; मी स्वतः अर्धवेळ भूगोल शिकवते, मुलींना त्या निळ्याच रंगवायला सांगते, आणि एप्रिलमध्ये त्यांच्या पात्रातून बैलगाडी जाते. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तरी पाण्यावर चालण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. पूर आला की गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून तीत बसून माणसे पैलतीराला जात. वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून नदी ओलांडत. नळदुर्गच्या किल्ल्यात तर बोरी नदी अडवून बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला आहे. वरून पाणी कोसळते आणि आतले माणूस कोरडे! तेव्हा पाणी आणि घर यांची सांगड घालणे आपल्याला अगदीच परके नाही.

आणि नावेचे वेड समुद्रकाठच्याच माणसाला लागते असेही नाही. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी हे नौदलातून निवृत्त झाल्यावर सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. तो मुलूखही आपल्यासारखाच, पावसाची वाट पाहणारा. एका भारतीयाने शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, आणि ती नावही भारतातच बांधलेली असावी, हा ध्यास त्यांनी घेतला होता. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा फायबरच्या नावा बांधण्याचा छोटा कारखाना होता. तिथे छप्पन्न फुटी नाव तयार झाली. आराखडा हॉलंडचा, कारागीर इथले. लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून अंग घडवायचे आणि त्यावर काचतंतूचे कापड राळेत भिजवून चढवायचे, अशी तिची बांधणी. मांडवीचेच दुसरे नाव ‘म्हादेई’, तेच तिला दिले. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली, ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात जगाला वळसा घालून परत आले. असे करणारे ते पहिले भारतीय. नाव बांधली जात असताना दोंदे त्या कामात बुडालेले होते. भर समुद्रात काही मोडले तर सुताराला हाक मारता येत नाही, म्हणून कुठला स्क्रू कुठे आहे हे आधीच माहीत असलेले बरे.

पुढे त्याच कारखान्यात ‘तारिणी’ झाली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी, अशा सहाजणी तिच्यातून १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. मग लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ अशी प्रदक्षिणा करून आल्या. काकू, तुमच्या सूनबाईंनी हे वाचलेले असणार. दोघींनी आठ महिने एका नावेत संसार केला, मग आम्हाला खाडीत काय झाले, असे ती म्हणाली तर तिला चटकन गप्प करू नका.

मला सर्वांत आवडली ती दांडेकरांकडचीच आणखी एक नाव, ‘कौंडिण्य’. अजिंठ्याच्या लेण्यात एका जहाजाचे चित्र आहे, पाचव्या शतकातले. ते चित्र समोर ठेवून, एकही खिळा न ठोकता, फळ्या नारळाच्या काथ्याने शिवून हे जहाज उभे केले. शिवणारे कारागीर केरळचे, त्यांचे मुख्य बाबू शंकरन. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ते नौदलात दाखल झाले. शिवलेले जहाज! आपण ब्लाउजची बाही शिवतो तशी फळीला फळी.

हे सांगायचे कारण असे की काकूंच्या मुलाने जी पद्धत निवडली आहे तीही शिवणाचीच आहे. कागदावर बेतायचे, प्लायवूडवर खुणा करून कापायचे, कडेने भोके पाडून तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे. नुसते टाचले की सपाट तुकड्यांना आपोआप नावेचा बाक येतो. अस्तर लावताना कापड कसे फुगते ते आठवा. मग आतून शिवणीवर इपॉक्सी राळ आणि काचकापडाची पट्टी, ती वाळली की तारा काढायच्या आणि बाहेरून सगळ्या अंगाला कापड चढवायचे. ज्याला टाचण आणि पक्की शिवण यांतला फरक कळतो त्याला हे काम कळते. मात्र प्लायवूड घेताना शिक्का पाहावा. आयएस ७१० लिहिलेले असेल तेच नावेचे. कपाटासाठीचे ३०३ स्वस्त मिळते, पण ते या कामाचे नाही. इपॉक्सी हाताला लागू देऊ नये, एकदा अंगावर पुरळ उठले की पुढे नुसत्या वासानेही काहींना त्रास होतो. घासताना उडणारी धूळ तर छातीत जाऊच नये. हातमोजे आणि मास्क यांत काटकसर नको.

आणि इथे आपल्या कोरड्या मुलखाचा चक्क फायदा आहे. लाकूड आणि राळ दोघांनाही दमटपणा सोसत नाही. कोकणात पावसाळ्यात हे काम जवळजवळ बंद ठेवावे लागते. आपल्याकडे दिवाळीनंतर शिवरात्रीपर्यंत हवा कोरडी, ऊन सौम्य, यापेक्षा चांगला काळ नाही. चैत्र-वैशाखात मात्र करू नये; चाळीस अंशांत कालवलेली राळ डब्यातच तापून दगड होते. काकूंच्या शेतात सोयाबीन ठेवायची पत्र्याची शेड आहे असे त्यांनी लिहिले आहे. सोयाबीन विकले गेले की ती शेड मोकळीच असते ना? पुण्यात तेवढी जागा भाड्याने घ्यायची तर किती पडेल, ते मुलालाच विचारा. नाव तीस फूट लांब आणि आठ फूट रुंद काढली आहे, म्हणजे ट्रकच्या रुंदीत बसते. हा विचार मुलाने केलेला दिसतो. मला बरे वाटले.

आता विजेकडे येऊ. विजेची नाव हे नवे फॅड आहे असे कोणी म्हणाले तर त्यांना सांगा, १८८१ साली पॅरिसमध्ये गुस्ताव त्रूव्हे नावाच्या गृहस्थाने सीन नदीत बॅटरीवरची होडी चालवून दाखवली होती. १८९३ च्या शिकागोच्या जत्रेत, तेच वर्ष ज्या वर्षी विवेकानंद तिथे बोलले, पन्नासहून अधिक विजेच्या नावा लोकांना फिरवत होत्या. पुढे पेट्रोल आणि डिझेल स्वस्त झाले आणि त्या मागे पडल्या. आपल्या देशात २०१७ च्या जानेवारीत केरळात वैकम ते तवणक्कडव या जलमार्गावर ‘आदित्य’ नावाची पंचाहत्तर माणसांची नाव सुरू झाली. छपरावर २० किलोवॅटची सौर पॅनेल. कोचीत २०२३ पासून वॉटर मेट्रोच्या नावा बॅटरीवर धावतात. आणि २०१० ते २०१२ या काळात ‘प्लॅनेटसोलर’ नावाचे जहाज नुसत्या उन्हावर जगाला फेरी मारून आले. त्याच्या अंगावर ५३७ चौरस मीटर पॅनेल होती, आणि नुसत्या बॅटऱ्या साडेआठ टनांच्या. तेव्हा चालते का, हा प्रश्न संपला. प्रश्न उरतो तो किती चालते आणि संसार करून किती चालते. तिथे कारखानदारापेक्षा गृहिणीला जास्त कळते असे माझे मत आहे, कारण महिन्याचे बिल ती पाहते.

मी एका रविवारी पाटी-पेन्सिल घेऊन बसले. दोन माणसांचा हिशेब. आजकालचे कमी विजेचे पंखे २८ वॅटचे असतात, दोन पंखे दहा तास. चार दिवे. लहानसा फ्रिज. दोघांचे लॅपटॉप सहा तास. फोन आणि पाण्याचा छोटा पंप. यांचे मिळून सव्वादोन युनिट होतात. इंडक्शनच्या शेगडीवर दोन वेळचे जेवण आणि चहा, दीड युनिट. झाले पावणेचार. इस्त्री, गिझर, वातानुकूलन या घरात नाहीत, आणि मागायचेही नाहीत. (अंघोळीचे पाणी काळ्या पिपात उन्हात ठेवले की तापते, ते मी सांगायला नको.)

आता जमेची बाजू. बाजारात मिळणारे ५५० वॅटचे पॅनेल साधारण सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरहून थोडे कमी रुंद असते, वजन २८ किलोच्या आसपास. नावेच्या छपरावर आडवी लावली तर ओळीने सहा बसतात, म्हणजे ३३०० वॅट. आपल्या भागात एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. छप्पर सपाट, किनाऱ्यावरच्या माडांची सावली, असे सगळे वजा जाता अकरा-बारा युनिट हाती पडतील. घरखर्च पावणेचार. उरले सात-आठ. एवढ्या आकाराची सडपातळ नाव माणसाच्या भरभर चालण्याहून जरा जास्त, म्हणजे ताशी सात-साडेसात किलोमीटर वेगाने नेली तर दोन किलोवॅटच्या आसपास वीज लागते. म्हणजे चार तास प्रवास, पंचवीस-तीस किलोमीटर. चांगल्या उन्हाच्या दिवशी. बिघडले काय? बैलगाडीने आपले आजोबा तुळजापूरला याहून सावकाश जात.

घाई केली की मात्र सगळा हिशेब कोलमडतो, आणि हे काकूंनी नीट वाचावे, कारण मुलाने नकाशाच्या कोपऱ्यात ताशी पंधरा किलोमीटर असे लिहिले आहे. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट नाही, आठपट लागते, निदान आठपट. दोनाचे सोळा किलोवॅट झाले. त्याच्या बॅटऱ्या पंधरा युनिटच्या. त्या तासाभराच्या आत रिकाम्या होतील आणि नाव खाडीच्या मधोमध थांबेल. तो आकडा खोडायला सांगा.

बॅटरी लिथियमची, तीही लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची घेतली आहे, ते योग्य. इतर लिथियम प्रकारांपेक्षा ही आगीच्या बाबतीत शांत. ‘आदित्य’त लिथियमच्याच आहेत. पाच युनिटचे एक असे तीन डबे, मिळून दीडशे किलोच्या आत. याच जागी आपल्या घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या घातल्या तर काय होईल ते मी मांडून पाहिले. दीडशे अँपिअरची एक बॅटरी कागदावर १.८ युनिट देते, पण वारंवार अर्ध्याहून खाली उतरवली की तिचे आयुष्य घटते. बारा युनिट वापरायला तेरा-चौदा बॅटऱ्या आणि सातशे किलोच्या पुढे वजन. एवढी माणसे नावेत बसवली तर ती जेवायला तरी मागतील! आणि गर्व उतरावा म्हणून आणखी एक हिशेब. एक लिटर डिझेल लहान इंजिनात जाळले की प्रत्यक्ष कामाचे तीनच युनिट मिळतात, बाकी धूर आणि उष्णता. तरी त्या तीन डब्यांतली सारी वीज म्हणजे पाच लिटर डिझेलचा एक कॅन. फरक एवढाच की कॅन रिकामा झाला की पंप शोधायचा, आणि डबा रिकामा झाला की सकाळची वाट पाहायची.

छपरावर सावली नको, हे मुलाने लाल शाईने लिहिले आहे. एका पॅनेलचा कोपरा झाकला तरी त्याच्याशी जोडलेल्या इतरांची वीज पडते. बरोबर आहे. मग धुतलेले कपडे कुठे वाळत घालायचे? सबंध नकाशात दोरी नाही. सूनबाईने नकाशा पाहिला असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, म्हणून मला शंका येते की तिला तो पुरता दाखवलेलाच नाही.

गॅसची शेगडी न ठेवण्याचा निर्णय मला पूर्ण पटला. घरात सिलिंडर गळला तर आपण दारे-खिडक्या उघडतो आणि गॅस उंबऱ्याखालून निघून जातो. तो हवेपेक्षा जड असतो ना. नाव म्हणजे परात. तिच्या तळाला दार नसते, गॅस तिथेच साचून राहतो आणि पुढे एक ठिणगी पुरते. इंडक्शनवर वीज वाचवायची जुनी युक्ती सांगते: डाळ-तांदळाला उकळी आली की भांडे गोधडीत गुंडाळून, भुसा भरलेल्या खोक्यात झाकून ठेवायचे. तासाभरात भात मऊ शिजतो आणि शेगडी बंदच.

आता वजन. या विषयावर आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात माणसे मेली ती जमीन हलल्याने कमी आणि डोक्यावर कोसळलेल्या दगडमातीने जास्त. माळवदाची घरे थंड खरी, पण सगळा भार वर. नावेचेही तेच शास्त्र आहे. एका टबात पाणी घेऊन पातेले तरंगत सोडा, आत भरलेला तांब्या ठेवा. पातेले शहाण्यासारखे उभे राहील. आता पातेल्यावर ताट ठेवून तोच तांब्या त्या ताटात ठेवा. हात लागायचा अवकाश, उलटले. पॅनेलचे पावणेदोनशे किलो आधीच छपरावर आहेत. मग बॅटऱ्या, पाण्याची टाकी, धान्याचे डबे सगळे तळाशी, मधोमध, आणि हलणार नाहीत असे बांधलेले पाहिजेत. मुलाने छपरावर दोन खुर्च्या काढल्या आहेत, संध्याकाळी बसायला. त्या खाली आणा.

याच कारणाने ‘आदित्य’ आणि ‘प्लॅनेटसोलर’ दोन्ही जोडनावा आहेत, दोन सडपातळ अंगे शेजारी ठेवून वर मांडव. उलटायला अवघड आणि छप्पर ऐसपैस. पण दोन अंगे म्हणजे काम दुप्पट, आणि ट्रकवर मावत नाही. पहिल्या खेपेला एकच अंग बरे असे मला वाटते.

नावेचे पाण्यावरचे क्षेत्र पंधरा चौरस मीटर धरले तर दर दीडशे किलोला ती एक सेंटिमीटर खाली बसते. हा आकडा सूनबाईने ओट्याजवळ लिहून ठेवावा. मिक्सर, पाटा, पुस्तके, पितळी डबे, आईने दिलेले लोणच्याचे बरणीभर ओझे, सगळे याच हिशेबात येते.

पाणी हे सर्वांत जड सामान. शासनाच्या जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटर धरले आहे. नावेत तसे धरले तर दोघांचे आठवड्याचे पावणेआठशे लिटर, म्हणजे पाच सेंटिमीटर नाव खाली! पंचवीस लिटरमध्ये भागवायचे म्हटले तर साडेतीनशे. पुण्यातल्या नळाखाली वाढलेल्या मुलीला ते जड जाईल. टँकरच्या गावातल्या बाईला जाणार नाही. भाजी धुतलेल्या पाण्यात पहिली भांडी, त्यात मग फडके, हे काकू सुनेला आठ दिवसांत शिकवतील, आणि ही शिकवणी ठेवीपेक्षा कमी मोलाची नाही.

नाजूक गोष्ट राहिली ती मोरी-शौचाची. नकाशात ती कोपऱ्यात, दोन फूट बाय दोन फूट, दार आत उघडणारे. अहो, त्यात बादली ठेवली तर माणूस मावायचे नाही! पुरुषांनी काढलेल्या नकाशांत हे नेहमीचेच. घरकुलाच्या नकाशातही पाहा. बाईला महिन्याचे चार दिवस असतात, आजारपण असते, तिथे आडोसा आणि पाणी दोन्ही लागते. तीन फूट बाय अडीच फूट तरी हवे, दार बाहेर उघडणारे. मैला सरळ पाण्यात सोडायचा नाही, तेच पाणी पुढच्या गावाला जाते. केरळात वेंबनाड तलावाचे हाऊसबोटींनी काय केले ते सर्वांना माहीत आहे. नारळाचा भुसा घालायचे कोरडे शौचकूप बसवता येते. लघवी वेगळी गेली तर वास येत नाही.

विजेच्या जोडणीबद्दल एवढेच, की ४८ व्होल्टची योजना आहे ती चांगली. बारा व्होल्टवर तीच मोटर चालवायची तर चौपट करंट आणि मनगटाएवढ्या तारा लागतील. प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, जोड घट्ट हवेत, आणि खाऱ्या हवेसाठी कल्हई केलेली तांब्याची तार हवी. होय, भांड्याला करतात तीच कथिलाची कल्हई. साधे तांबे वर्षात हिरवे पडते. जिथे २३० व्होल्ट येतात तिथे गळती दिसताच वीज तोडणारा ब्रेकर. हे काम मुलाने हौसेने स्वतः करू नये, परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.

नाव ठेवायची कुठे? मुलगा म्हणतो, शिकण्यापुरती माकणीच्या निम्न तेरणा धरणात किंवा उजनीच्या फुगवट्यात आणि मग कोकणातल्या खाडीत. आपली धरणे दरवर्षी भरतातच असे नाही, मे महिन्यात नाव चिखलात बसलेली सापडेल. शिवाय पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. यंत्रावर चालणाऱ्या नावेला, मग ते यंत्र विजेचे का असेना, २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी आणि तपासणी आहे. आपल्या राज्यात ते काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड पाहते. बांधून झाल्यावर नव्हे, बांधण्याआधी नकाशा त्यांना दाखवावा. कापलेले प्लायवूड पुन्हा जोडता येत नाही.

धरणाच्या पाण्याला शांत समजू नका. २१ मे २०२४ ला उजनीत करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली प्रवासी नाव संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यांत लहान मुले होती. वळवाच्या दिवसांत दुपारी तीननंतर नाव किनाऱ्याला बांधलेली हवी. जॅकेट अंगात हवे, खुंटीला नव्हे. आणि काकू, मुलाला पोहता येते असे तुम्ही लिहिले आहे. सुनेचे काय?

आता ठेव. मोडू नका. शेतही विकू नका. जमिनीची किंमत वाढते, नाव पाण्यात उतरली त्या दिवसापासून उतरत जाते, आणि ती विकायची म्हटली तर गिऱ्हाईक मिळेपर्यंत दोन पावसाळे जातात. मुलाने खर्चाचा जो तक्ता दिला आहे तो बहुतेक अंगाचाच आहे: लाकूड, राळ, कापड. नाव बांधणारे लोक सांगतात की अंग हा एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा. मोटर, बॅटऱ्या, पॅनेल, तारा, खिडक्या, टाक्या, नांगर, दोर, रंग, वाहतूक हे पुढेच आहे. अर्ध्यात पैसे संपले की शेडमध्ये सांगाडा पडून राहतो आणि त्यावर कोंबड्या बसतात. तुमची ठेव ही तुमच्या म्हातारपणाची आहे. ती दिली आणि उद्या मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले तर तुम्ही कोणाकडे हात पसरणार? मुलाकडेच, आणि तो तेव्हा खाडीत असणार.

पण नुसते नाही म्हणून पत्र टाकू नका. त्याला शेड द्या, या दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत, बिनभाड्याची. आणि जमत असेल तर दर महिन्याच्या व्याजातून थोडे, एका बारा फुटी होडीच्या सामानापुरते. चार तक्ते प्लायवूड, थोडी राळ, एक छोटी विजेची मोटर, एक बॅटरी. तीच पद्धत, तीच शिवण, फक्त लहान. होडी झाली, गळली नाही, दोघांचे भांडण झाले नाही, तर मोठीकडे वळावे. त्याआधी दोघांनी केरळात आठ दिवस भाड्याच्या हाऊसबोटीत राहून यावे, शक्यतो पावसात. पावसाळ्यात पॅनेल तीन-चार युनिटच देतात, म्हणजे जेवण होईल पण नाव हलणार नाही. पाच महिने एका खोलीत दोन माणसे, बाहेर पाऊस, कपडे ओले. हे सोसते का ते कळेल.

आणि सूनबाईंशी एकट्यात बोला. मुलगा शेजारी नसताना. तिची नोकरी खाडीतून चालणार आहे का, नोंदणीत तिचे नाव घालणार आहेत का, मूल झाल्यावर काय, हे तिच्याच तोंडून ऐका. ती मनापासून हो म्हणाली तर मला कळवा. मी सुट्टीत शेडवर येऊन टाचण घालू लागेन, तार ओवायला मला चष्मा लागत नाही.

नकाशा दुरुस्त करून आला की मोरीची मापे मी पुन्हा तपासीन. पुढच्या अंकी ज्वारीच्या सोंड्यांविषयी आलेल्या सात पत्रांना एकत्र उत्तर देणार आहे.